साचा, कळ आणि वाचलेला वेळ



ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर बोलावयास युनियनचा माणूस कशाला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. आम्ही सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. सुरातले आम्हांस फारसे कळत नाही. पण श्रमातले थोडे कळते, आणि हा इतिहास मुख्यतः श्रमाचा आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपावे लागे. चूक झाली की तबकडी फुकट आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीचा प्रसार झाला. आता चूक कापून काढता येई. पण ब्लेडने फीत तिरकी छेदून जोडणे हे कसबी हाताचे काम होते. पुढे मिक्सरवरील गुंड्या वाढल्या, तेव्हा कोणती गुंडी कोठे होती हे मदतनीस कागदावर टिपून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून सारे पुन्हा जुळवी. आजच्या टेम्प्लेटचा आजा तो हा कागद.

१९८९ साली अटारी संगणकावर क्यूबेस आले, १९९१ साली प्रो टूल्स. हळूहळू फीत, ब्लेड आणि कागद पडद्यात शिरले. गायकाचा ट्रॅक, तबल्याचे दोन, तानपुरा, पेटी, आवाजाला घुमार देणारी योजना, हे सारे रोज नव्याने मांडण्याऐवजी एकदाच मांडून, नावे व रंग देऊन, कोरे जपून ठेवावयाचे, हे टेम्प्लेट. घरातला मिसळणाचा डबा भरलेला असला की फोडणीला वेळ लागत नाही, तसेच हे.

दुसरी युक्ती कळांची. स्पेस दाबली की गाणे सुरू, पुन्हा दाबली की बंद. कंट्रोलबरोबर, मॅकवर कमांडबरोबर, झेड दाबली की केलेले मागे घेता येते. एक्सने कापणे, सीने नक्कल, व्हीने चिकटवणे. कापण्या-चिकटवण्याची ही रीत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी बसविली. अ‍ॅपलच्या १९८३ च्या लिसा संगणकात ह्या चार शेजारी कळा तिला मिळाल्या. डावा हात तेथेच राहतो, उजवा माऊसवर. दिवसातून पाचशे वेळा कापाकापी करणाऱ्याचे प्रत्येक खेपेस दोन सेकंद वाचले, तर हजार सेकंद झाले. पाव तासाहून अधिक!

हा पाव तास कोणाचा? प्रश्न जुना आहे. टेम्प्लेटला मराठीत साचा म्हणता येईल. मुंबईच्या गिरण्यांत मागालाही साचाच म्हणत. विणकराने दोनांऐवजी तीन साचे चालवावेत, अशा कार्यक्षमतेच्या योजनांवरून १९२८ साली सहा महिने संप चालला. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघाने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. यंत्र मोडा, असे ते म्हणत नव्हते. यंत्राच्या कमाईत ते वाटा मागत होते. १९४३ मध्ये डेक्काने आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टर व कोलंबियाने तो मान्य केला. विकलेल्या तबकड्यांमागे निधीत रक्कम पडू लागली, आणि त्यातून वादकांस मेहनताना देऊन लोकांसाठी विनामूल्य जलसे झाले.

गेल्या वर्षी एक तरुण ध्वनिमुद्रक आमच्याकडे आला. मजुरी ताशी. त्याने घरी रात्री बसून साचे बांधले, कळा हातात बसविल्या. आठ तासांचे काम पाच तासांत होऊ लागले. मालकाने तीन तासांचे पैसे कापले, आणि त्याने नोकरी सोडली तेव्हा साचे मात्र ठेवून घेतले. आम्ही म्हणालो, "बाबा रे, गवंडी काम सोडताना थापी नि ओळंबा बरोबर नेतो. तुझे साचे ही तुझी हत्यारे. करारात तसे लिहून घे. आणि तासाने नको, गाण्यामागे दर ठरव."

नव्या जागी त्याने तसेच केले. आता तो पाचाला घरी जातो आणि संध्याकाळी पेटीचा रियाज करतो. कळा अवश्य शिका, मित्रहो. पण दर आधी ठरवा.