सरमेचा शाप आणि लक्ष्मीपूजनाची रात्र

आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या आरंभीच एक कुत्रा मार खातो. जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत असतो. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन ही त्या भावांची नावे. देवांची कुत्री सरमा हिचे पोर हिंडत हिंडत त्या यज्ञभूमीवर येते आणि हे तिघे त्याला बडवतात. ते रडत आईकडे जाते. तुझ्या हातून काही चुकले असेल, असे आई म्हणते. पोर सांगते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. अपराध नसताना मारलेत म्हणून तुमच्यावर अदृष्ट भय येईल, असा शाप देऊन ती निघून जाते. हा शाप ऐकून जनमेजय इतका हवालदिल होतो की त्याच्या निवारणासाठी योग्य पुरोहिताच्या शोधात निघतो.

‘अदृष्ट भय’ या शब्दांपाशी मी बरीच वर्षे अडलो आहे. समोर वाघ उभा असला तर भीती वाटते, पण ती दिसते, तिच्यापासून पळता येते. अदृष्ट भय कोठून आले, कशासाठी आले आणि केव्हा संपणार, यातले काहीच कळत नाही. आपल्या गल्लीतील कुत्रे दिवाळीच्या चार रात्री नेमके हेच भोगते. शाप यजमानांना होता. तो फिरून सरमेच्याच लेकरांवर आलेला दिसतो.

मी इतिहासाचा अध्यापक नव्हे. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसून जे जमले ते वाचले. या विषयाकडे वळलो त्याला कारण घरचे आहे. आमच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा नऊ वर्षे होता. अकरा वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मी दार उघडे ठेवले, उंबऱ्यावर पणती ठेवली. समोर कोणी फटाक्यांची माळ लावली. मोती माझ्या पायांमधून निसटून गेला, तो पुन्हा दिसला नाही. आठ दिवस आम्ही नदीकाठापर्यंत शोधले. आई म्हणाली, “लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं ठेवलंस, आणि घरातलं एक गेलं.” माळ लावणाऱ्याचा मला राग आला नाही, कारण आदल्या वर्षापर्यंत मीही तेच करीत होतो. प्रश्न पडला तो वेगळा. हा सण आणि हा प्राणी यांचे नाते पूर्वीपासून असेच होते का?

ते तसे नव्हते, असे वाचनातून दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यमाच्या दोन कुत्र्यांचा उल्लेख आहे. चार डोळ्यांचे, मार्गाची राखण करणारे, सरमेच्या वंशातले. पुढे श्याम आणि शबल ही त्यांची नावे रूढ झाली. घरोघरी वैश्वदेव होत असे तेव्हा गोग्रास आणि काकबळी यांच्या जोडीने श्वानबळीही काढला जाई आणि तो याच दोघांच्या नावाने. दत्ताच्या पायांशी कुत्रे आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. हे सारे खरे असले तरी कुत्र्याला घरात मोकळी वाट होती असे मात्र नाही. त्याचा घास उंबऱ्याबाहेर ठेवला जाई. तो बाहेरचा होता, पण त्याचा वाटा ठरलेला होता.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण करण्याची चाल आपल्याकडे आहे. यमाच्या चौदा नावांनी पाणी सोडतात. त्याच आश्विन वद्य चतुर्दशीला नेपाळात ‘कुकुर तिहार’ असतो. तिहार हा पाच दिवसांचा सण; त्याला यमपंचक असेही म्हणतात. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. त्या दिवशी घरच्या आणि रस्त्यावरच्याही कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. तिथी एक, देवता एक. तिकडे यमाच्या दूताच्या गळ्यात माळ पडते. इकडे पहाटे चारला पहिला आवाज कोणाचा, अशी चढाओढ लागते आणि तोच दूत जिन्याखाली अंग चोरून थरथरत बसतो.

दारूकामाचा इतिहास पाहू लागलो की पहिले बोट धरावे लागते ते परशुराम कृष्ण गोडे यांचे. भांडारकर संस्थेच्या या अभिरक्षकांनी १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतील भारतीय आतषबाजीची साधने एका निबंधात गोळा केली. विजयनगरचा दरबार, गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणी’तील दारूची कृती, एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील लग्नाचे वर्णन, अशी ती साखळी आहे. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक ठिकाणी आतषबाजी हा राजाचा, सरदाराचा किंवा मोठ्या लग्नाचा थाट आहे. ती पाहायला लोक जातात. ती लोकांच्या दारात येत नाही.

पेशव्यांच्या बखरीतील प्रसंग यासाठी मोलाचा आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यात आले आणि १७९४ मध्ये वानवडीला वारले. या मुक्कामात त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तेथे चार दिवस लाखो दिवे लागतात आणि राजा शहराबाहेर ‘दारूची लंका’ करवतो. रावण, राक्षस, वानर, सगळे दारूचे. मग हनुमंताची शेपटी पेटते आणि लंका जळते. पेशव्यांना हौस वाटली. पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभारली गेली आणि पेशव्यांनी ती टेकडीवरून पाहिली. कोट्यात जागा निवडली ती शहराबाहेर. पुण्यातही ती वस्तीपासून दूर, कारण तेव्हाची पर्वती शहरापासून लांब होती. दारू घातक आहे, तिला अंतर हवे, हे ती हाताळणाऱ्यांना ठाऊक होते. पर्वतीच्याच परिसरात सवाई माधवरावांचा शिकारखानाही होता. त्यातील हरणांनी आणि वाघांनी ती रात्र कशी काढली असेल, हा विचार मात्र वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

भय हीसुद्धा एक इजा आहे, हे मानणारा एक धर्मग्रंथ आपल्या शेजारातच, पारशी समाजात आहे. त्यांच्या ‘वेंदिदाद’मधील तेरावा फर्गर्द म्हणजे अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्याविषयी आहे. पंधराव्यात काही अपराध सांगितले आहेत. कुत्र्याला न फुटणारे हाड किंवा पोळेल असे गरम अन्न देणे हा एक. गाभण कुत्रीला मारणे, तिच्यामागे धावणे, ओरडणे किंवा टाळ्या वाजवून तिला घाबरवणे आणि त्यामुळे ती खड्ड्यात, विहिरीत, पाण्यात पडून तिला इजा होणे हा दुसरा. घाबरवणारा तेथे मारणाऱ्याच्या शेजारी उभा केला आहे. नुसत्या टाळीचा हिशेब ठेवणारा हा जुना कायदा वाचला तेव्हा मला आमच्या दारासमोरची माळ आठवली.

या श्रद्धेचे बळ मुंबईने एकदा पाहिले आहे. भटक्या कुत्र्यांना ठराविक काळात मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. १८३२ साली ती मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लागले. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस. मेलेल्या माणसावर कुत्र्याची नजर पडल्याशिवाय ज्यांचा अंत्यविधी पुरा होत नाही, त्या ‘सगदीद’ पाळणाऱ्या लोकांच्या सणादिवशीच कुत्री मारणारे गल्लीत आले. जमाव त्यांच्यावर धावून गेला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. त्यात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही होते. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, सैन्य बोलावावे लागले, धरपकड झाली. पुढे जमशेटजी जीजीभॉय यांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याची तोड निघाली. या दंगलीला इतर कारणेही होती. सरकारबद्दलचा साचलेला राग होता, व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी होती. तरी ठिणगी पडली ती सणाच्या दिवशी कुत्र्याला हात लावल्यामुळे, हे नाकारता येत नाही.

मग फटाका आपल्या दारात केव्हा आला? शिवकाशीच्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी १९२३ साली कलकत्त्याला जाऊन काड्यापेटीचा धंदा शिकून घेतला. त्या कारखानदारीतूनच पुढे, १९४० नंतर परवान्याची व्यवस्था लागल्यावर, तेथील फटाक्यांचा उद्योग वाढला. कोरडी हवा, पावसाची ओढ आणि स्वस्त मजुरी हे त्याचे भांडवल. पूर्वी दरबाराने उभारायची वस्तू आता पोराच्या खिशात मावू लागली. लवंगी आली, मग सुतळी बॉम्ब आला. शहरेही त्याच काळात दाटत गेली. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या आणि दोन भिंतींमध्ये अडकलेला आवाज दुप्पट भासू लागला. शहराबाहेरची लंका अशी जिन्याच्या तोंडाशी आली. माझ्या मते बिघडले ते येथे. सण तोच राहिला, अंतर गेले.

कायद्यानेही अंतराचाच विचार केला आहे. ५ ऑक्टोबर १९९९ च्या अधिसूचनेप्रमाणे फुटणाऱ्या जागेपासून चार मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या आत हवा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले. म्हणजे पहाटे चारचा तो पहिला मानाचा बॉम्बही नियमात बसत नाही. २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ आखून दिली. हे सारे माप माणसाच्या कानाचे आहे. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. आणि उभ्या मोटारीखाली लपलेल्या कुत्र्याच्या नशिबी ते चार मीटरही नसतात.

इतिहासातून उपाय निघतो तो एवढाच, की गेलेले अंतर आपण आपल्या घरापुरते परत आणावे. कुत्र्याला दिवस मावळण्याआधीच फिरवून आणावे, तेही साखळी हातात घट्ट धरून. पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा. संध्याकाळी त्याला घरातील सर्वांत आतल्या खोलीत, त्याच्या नेहमीच्या अंथरुणावर ठेवावे. खिडक्या लावून पडदे ओढावेत, पंखा किंवा रेडिओ संथ चालू ठेवावा, पाणी जवळ ठेवावे. तेथे बांधून मात्र ठेवू नये, घाबरून धडपडताना गळ्याला फास बसतो. तो पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नये. जवळ बसून अंगावरून हात फिरवल्याने भीती वाढत नाही. फार त्रास होणाऱ्याला सणाच्या काही दिवस आधीच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. आपल्या गोळ्या त्याला देऊ नयेत. फराळाचे ताटही उंच ठेवावे, कारण लाडवातले बेदाणे आणि चॉकलेट त्याला बाधतात. आणि दार उघडे ठेवायचे ते आतली खोली बंद आहे ना, हे पाहून मगच.

ज्यांना खोली नाही त्यांचे काय? जिन्याखाली, गाड्या लावायच्या जागेत जे आसऱ्याला येतील त्यांना चार रात्री हाकलू नये. कोपऱ्यात एक पोते आणि एक वाडगे पाणी पुरते. श्वानबळीची ही आजची रीत समजायला हरकत नाही.

आमच्या घरी आता कुत्रा नाही. आई गेली, तिच्या वयात मीही पोहोचू लागलो. पण लक्ष्मीपूजनाला दार उघडे असते आणि उंबऱ्याच्या आत, पायपुसण्याजवळ, वाडगे ठेवलेले असते. गेल्या वर्षी माळा सुरू झाल्या तशी गल्लीतली एक करडी कुत्री चढून वर आली आणि चपलांच्या फळीखाली शिरली. पूजा चालू होती. बायकोने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. तिने उठून दार लोटून घेतले.