मुळशीच्या पाण्याखालचा रस्ता

एप्रिल 1921. पहाटेच्या अंधारातच तुम्ही पुणं सोडलं आहे, कारण नऊनंतरचं ऊन सायकल चालवू देणार नाही. सायकल विलायती, लोखंडी आणि चांगलीच जड. गिअर वगैरे काही नाही. चढ आला की मांड्यांचा जोर, तोही संपला की उतरून ढकलणं. हँडलपुढे कार्बाइडचा दिवा आहे. वरच्या डबीतलं पाणी थेंबाथेंबानं खालच्या खड्यांवर पडतं, त्यातून निघणारा वायू जळतो. वास उग्र, उजेड मात्र पांढराशुभ्र. धोतराचा सोगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून पोटरीपाशी घट्ट बांधलाय. पिशवीत पंप, पंक्चरसाठी रबराचे तुकडे, सोल्युशन, चार दशम्या आणि गुळाचा खडा.

कोथरूड मागे पडतं. अजून ते पुण्याचा भाग झालेलं नाही, मळ्याशेतांचं वेगळं गाव आहे. पुढचा चढ तुमच्या ओळखीचा. एकविसाव्या शतकात चांदणी चौकातल्या उड्डाणपुलांच्या गुंत्यातून दर रविवारी तुम्ही हाच चढ चढता, मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. आज मागून काहीच येत नाही. भूगाव, भुकूम, पिरंगुट. गावांची नावं तीच, क्रम तोच. फक्त दोन गावांच्या मधे खरोखरच रान आहे. समोरून आलेला बैलगाडीवाला सायकल बघून गाडी कडेला घेतो, बैल बुजतील म्हणून. तुम्ही उतरता, गाडी जाऊ देता, पुन्हा टांग मारता.

पौडला पोचेपर्यंत ऊन चटका देऊ लागतं. इथून पश्चिमेला डोंगर जवळ सरकतात आणि रस्ता वरखाली होऊ लागतो. छोटा चढ, छोटा उतार, पुन्हा चढ. शंभर वर्षांनी गिअरच्या सायकलवर या टेकड्या मजेच्या वाटतात. आज प्रत्येक टेकडी दम काढते. मग ती जागा येते, जिथं तुम्ही नेहमी फोटोसाठी थांबता. समोर निळं पाणी, पलीकडे सह्याद्रीची रांग, पाण्यात उतरलेले ढग. तुम्ही सवयीनं थांबता आणि बघता.

पाणी नाहीच.

खाली दरी आहे. मुळा आणि निळा या दोन नद्या तिच्यातून वळणं घेत येतात. काठाकाठानं भाताची खाचरं, बांधांवर आंबे, मधे घरांचे पुंजके. वाट खाली उतरते आणि तुम्ही तिच्यासोबत उतरता. ब्रेक करकरतात, हँडल हाताला हिसके देतं. शंभर वर्षांनंतरच्या हिशोबानं तुम्ही आता पाण्याखाली सायकल चालवता आहात.

खाचरांत धूर आहे. पावसाआधी शेणी आणि पाला पसरून राब भाजायचे दिवस आहेत. त्याच जागी जूनमध्ये भाताचं रोप टाकलं जाईल. हे आंबेमोहराचं खोरं. चुलीवर भात शिजू लागला की दारातून जाणाऱ्यालाही कळतं. एका अंगणात तुम्ही सायकल भिंतीला लावता आणि पाणी मागता. म्हातारी तांब्या पुढे करते, पण आधी सायकलीकडे नीट बघून घेते.

"कुनाकडनं आले म्हनायचं? कंपनीकडनं का सावकाराकडनं?"

"कुणाकडनंच नाही, आजी. असाच फिरायला आलोय."

तिचा विश्वास बसत नाही, आणि तिचंही बरोबर आहे. पुण्याहून या खोऱ्यात येणारा माणूस एक तर वसुलीला येतो, नाही तर मोजणीला. पुष्कळशी जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेली आहे. कसणारा मावळाच, पण कूळ म्हणून. त्यात 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. या दोन नद्यांवर धरण बांधायचं, वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची असा बेत ठरला. कंपनीची माणसं शेतांत न विचारता खोदू लागली, तेव्हा लोकांना कळलं की आपलं खोरं बुडणार आहे. पन्नासेक गावं, हजारो माणसं. नुकसानभरपाईचे पैसे ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळणार. सावकाराला रोख रक्कम चालणार होती. म्हातारीला रोख काय कामाची? तिला खाचर हवं होतं.

मुंबईची गरज खोटी नव्हती. गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती आणि घाटमाथ्यावरच्या पावसातून ती मिळते, हे खोपोलीच्या वीजघरानं 1915 मध्येच दाखवून दिलं होतं. खोटं होतं ते एवढंच, की या हिशोबात म्हातारीचं मत कुणी धरलं नव्हतं.

16 एप्रिल, रामनवमी. धरणाच्या जागी शेकडो मावळे जमले आहेत. तुम्ही सायकल झाडाला टेकवून गर्दीत शिरता. घोषणा होते आहे, "जान किंवा जमीन." पुढे उभे आहेत पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, वय चाळिशीचं, इंजिनिअरिंग शिकायला एडिनबर्गला जाऊन आलेले. धरण कसं बांधतात हे कळणारा माणूस धरणाच्या आड उभा आहे. लोक कामाच्या जागी बसून राहतात, कुणावर हात न उगारता. काम थांबतं. गर्दीत आनंद आहे, आणि पुढचं माहीत असलेले तुम्ही एकटेच आहात.

सायकलवर बसा. आता चढ आहे, आणि प्रत्येक वळणावर काळ पुढे सरकेल.

पहिल्या वळणावर काम पुन्हा सुरू झालेलं दिसतं. सरकारनं भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला दिला आहे. सत्याग्रही पकडले जातात, सुटतात, पुन्हा येतात. पुढच्या वळणावर भरपाईचे पैसे घ्यावेत की जमिनीसाठी झगडत राहावं, यावर पुढाऱ्यांतच फूट आहे. आणखी वर 1924: चळवळ संपली आहे, बापट तुरुंगात आहेत. 'सेनापती' ही पदवी मात्र याच खोऱ्यानं त्यांना दिली आणि ती जन्मभर टिकली.

धाप लागते, तुम्ही मागे वळून बघता. खाचरांत पाणी शिरतं आहे. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू होतं. मुळशीचं पाणी मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचं. आता ते डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आहे. सुमारे 500 मीटर खाली कोकणात कोसळून ते यंत्रं फिरवतं, कुंडलिका नदीला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. कोलाडला रबरी होड्यांतून ज्या लाटांवर तुम्ही ओरडत उड्या मारल्यात, त्या याच पाण्याच्या. वीजघरातून पाणी सुटलं की होड्या सुटतात.

चढ संपतो. डांबरी रस्ता, पायाखाली गिअरची सायकल, समोर निळं पाणी. रस्ता तलावाला वळसा घालत ताम्हिणीकडे जातो. पळसे, निवे, मग दाट झाडी आणि घाट. वाटेत टपरीवर चहा, हॉटेलांच्या पाट्या, बंगल्यांची कुंपणं. ज्यांची घरं बुडाली त्यांतले काही जण वर सरकून काठालाच राहिले. त्यांच्या नातवंडांची, पणतवंडांची गावं याच रस्त्याला लागून आहेत.

हा तलाव सुंदर आहे, हे कबूल करायला लाजायचं कारण नाही. पुण्याजवळ सायकलसाठी याहून चांगले रस्ते फार थोडे आहेत. मात्र या देखाव्याला निसर्ग म्हणून मोकळं होता येणार नाही. हा माणसांनी केलेला आहे, त्याला अजून पुरती शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना तो नको होता. म्हणून पुढच्या रविवारी मुळशीला जाल तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या परत घेऊन या, काठच्या गावात थांबून चहा घ्या, आणि टपरीवर कुणी म्हातारं माणूस भेटलं तर विचारा, तुमचं जुनं गाव कुठं होतं? ते पाण्याकडे बोट दाखवतील. तिथून पुढचं ऐकायला तास-दोन तास हाताशी ठेवा. सरासरी वेग घसरला तर घसरू दे.