सचिव, बालेकिल्ला आणि तोरणा

राजाज्ञेनें भाषा किती बदलते, हा प्रश्न फ्रेंच भाषेचा इतिहास वाचतांना आमच्या मनांत वारंवार येतो. लॅटिनपासून निघालेल्या अनेक बोलींपैकीं पॅरिसकडील बोली राजाश्रयानें वर चढली. १५३९ सालीं पहिल्या फ्रान्सिस राजानें न्यायालयांतून लॅटिनची उचलबांगडी केली, आणि १६३५ सालीं रिशल्यूनें फ्रेंच भाषेसाठीं अकादमी स्थापिली. हें साधलें. परंतु १७९३ सालीं क्रांतिकारकांनीं महिन्यांचीं नांवें बदललीं, तीं लोकांच्या अंगवळणीं पडलीं नाहींत. १८०६ च्या आरंभीं जुनीं नांवें परत आलीं.

असाच प्रकार पाहावयाचा तर आपला भोर-वेल्ह्याचा डोंगरी मुलूख पुरेसा आहे.

शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश रचला गेला. अष्टप्रधानांचीं नांवेंही पालटलीं: मुजुमदार अमात्य झाला, डबीर सुमंत झाला, सुरनीस सचिव झाला. यांपैकीं सचिव भोरास मुक्कामालाच आला. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत शंकराजी नारायणांस तें पद मिळालें, आणि १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचे वंशज पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. सुरनीस आडनांवापुरता उरला. उलट पेशव्यांच्या शिक्क्यांत 'मुख्य प्रधान' कोरलें गेलें, तरी लोकांच्या तोंडीं पेशवाच राहिला!

आतां राजगड चढूं. मुरुंबदेवाच्या डोंगरास महाराजांनीं राजगड म्हटलें, आणि जुनें नांव अभ्यासकांपुरतें राहिलें. पण त्याच गडाच्या माथ्यास आपण बालेकिल्ला म्हणतों. त्यांतील 'बाला' म्हणजे वरचा, हा फारसी, आणि 'किल्ला' मूळचा अरबी. माची आपली, पण तिचा दरवाजा फारसी. आमच्या भाषाशुद्धिवादी मित्रांनीं हा गड एकदां अवश्य चढावा. दम लागल्यावर कोणता शब्द परका हें आठवत नाहीं.

शेजारच्या तोरण्यास महाराजांनीं प्रचंडगड म्हटलें. १७०४ सालीं तो घेतल्यावर औरंगजेबानें फुतूहुल्गैब म्हटलें. भोरकडील रोहिड्यास विचित्रगड हें नांव मिळालें. परंतु आज वेल्ह्यांत उतरणारा वाटसरू तोरण्याचीच वाट विचारतो.

२०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय घेतला. कागदोपत्रीं तें सहज चढेल. दोन पिढ्यांनंतर कोणीतरी तिकडे जाणाऱ्या एस. टी. च्या वाहकास विचारावें, गाडी कोठें जाते म्हणून.