पिझ्झ्याचा सॉस : एका घरगुती पदार्थाचा इतिहास



ज्या व्यासपीठावर साम्राज्यांच्या उदयास्ताची चर्चा व्हायची, तेथे टोमॅटोच्या सॉसची कथा सांगण्यास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. पण मला या विषयाकडे वळवले ते एका फ्रेंच कादंबरीकाराने. अलेक्झांद्र द्यूमा १८३५ साली नेपल्समध्ये होता आणि त्या प्रवासाचे वर्णन त्याने १८४३ साली प्रसिद्ध केले. नेपल्सच्या रस्त्यावर राहणारा गरीब माणूस दोनच पदार्थांवर जगतो, असे तो सांगतो : उन्हाळ्यात कलिंगड आणि हिवाळ्यात पिझ्झा. या पिझ्झ्यावर काय काय घालतात तेही त्याने नमूद केले आहे. तेल, चरबी, चीज, बारीक मासे आणि टोमॅटो.

आता गंमत अशी की टोमॅटो हे त्या मुलखात उन्हाळ्याचे फळ. जुलैअखेर पिकू लागते, सप्टेंबर सरताना संपते. कलिंगडाचा हंगाम तोच टोमॅटोचा. मग हिवाळ्यातल्या पिझ्झ्यावर टोमॅटो आला कोठून? शीतगृहे नव्हती, आगगाडी इटलीत नुकती येऊ घातली होती, पत्र्याचा डबा तेथल्या गरिबाला ठाऊक नव्हता. या एका प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो आणि पिझ्झ्याचा जो इतिहास आपण नेहमी ऐकतो त्याहून निराळाच एक इतिहास हाती आला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम फळाची हकीकत थोडक्यात सांगतो. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. १५२१ साली स्पॅनिशांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली, आणि त्यानंतर तेथे गेलेल्या साहागुन नावाच्या मिशनऱ्याने तेथील बाजाराचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. त्यात टोमॅटो व मिरची घातलेले तयार सॉस विकणारे लोक आढळतात. म्हणजे टोमॅटोचा सॉस ही युरोपची कल्पना नव्हे. युरोपात फळ गेले, रीत मात्र मागे राहिली आणि ती पुन्हा शोधावी लागली. इटलीत या फळाचा उल्लेख १५४४ साली मात्तिओली या वनस्पतीवैद्याने केला, तो वांग्याची एक जात म्हणून. तेलात तळून, मीठमिरी लावून खातात, असेही त्याने लिहिले. पुढे १५५४ च्या आवृत्तीत त्याने त्याला ‘सोन्याची सफरचंदे’ अशा अर्थाचे नाव दिले. आजचा इटालियन ‘पोमोदोरो’ हा शब्द तोच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वांग्याशी जोडलेले त्याचे नाते बरोबरच होते, कारण दोघे एकाच कुळातले. आपल्याकडेही हे फळ परकेच. मराठवाड्यात, विदर्भात त्याला ‘भेदरे’ हे खास देशी वाटणारे नाव मिळाले, तरी ते आले समुद्रापलीकडूनच.

१५४८ साली ऑक्टोबरच्या अखेरीस कोझिमो मेदिचीच्या पिसा येथील वाड्यात टोमॅटोची एक टोपली पोचली. टोपली उघडली तेव्हा मंडळी विचारात पडून एकमेकांकडे पाहू लागली, असे कारभाऱ्याच्या पत्रात आहे. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्या फळावाचून पुढे इटलीचे स्वयंपाकघर अडेल, त्याचे स्वागत असे झाले!

सॉसची पहिली छापील कृती नेपल्सचीच. अंतोनिओ लातीनी हा त्या शहरातील एका बड्या स्पॅनिश अधिकाऱ्याचा कारभारी. त्याचा ग्रंथ १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत निघाला. टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, बारीक चिरायचे, त्यात कांदा, मिरची, सुवासिक पाला, मीठ, तेल आणि शिरका घालायचा. याला तो ‘स्पॅनिश पद्धतीचा सॉस’ म्हणतो. आपल्या गृहिणींना ही कृती ऐकून वांग्याच्या भरताची आठवण झाली असेल, आणि ती गैर नाही. पण हा सॉस मांसाबरोबर वाढण्यासाठी होता. तो धन्याच्या टेबलावरचा. रस्त्यावरच्या रोटीशी त्याचा काही संबंध नव्हता.

रस्त्यावर काय होते? व्हेसुव्हियसच्या उतारावर जाड सालीचे लहान टोमॅटो पिकतात. त्यांचे घोस दोरीत गुंफून हवेशीर जागी छताला टांगले की ते हळूहळू सुकत, आक्रसत, पुढच्या वसंतापर्यंत टिकतात. घरादारात, कोनाड्यांत असे लाल घोस लोंबत असत. आजही लोंबतात, आणि २००९ साली युरोपीय संघाने त्यांच्या नावाला संरक्षण दिले. दुसरी रीत उन्हाची. पिकलेल्या टोमॅटोचा गर चाळणीतून काढून, मीठ घालून, लाकडी फळ्यांवर पसरायचा आणि कडक उन्हात दिवसचे दिवस ढवळत राहायचे. पाणी उडून गडद लाल, चिकणमातीसारखा गोळा राहतो. सिसिलीत अजून तो करतात. हा गोळा बरणीत दाबून वर तेल घातले की वर्षभराची बेगमी झाली. चमचाभर घेऊन पाण्यात कालवला की भर थंडीत टोमॅटो हजर. द्यूमाच्या पिझ्झ्याचे कोडे माझ्या मते येथे सुटते. तो टोमॅटो उन्हाळ्यात कोणीतरी घरी टिकवलेला होता.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, याचा उच्चार इतिहासात क्वचित होतो. त्याऐवजी आपल्याला एक राणी भेटते. जून १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली. राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झेवाल्याने तिला टोमॅटो, मोझरेल्ला आणि बेझिल यांचा, म्हणजे इटलीच्या निशाणाच्या तीन रंगांचा पिझ्झा करून दिला. तिला तो आवडला आणि तिचे नाव त्याला पडले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. १९८९ साली शंभर वर्षे झाली म्हणून भिंतीवर शिलालेखही बसला. पण राजवाड्यातून आले म्हणून जे आभारपत्र दाखवले जाते, त्याच्या हस्ताक्षराविषयी आणि शिक्क्याविषयी अलीकडच्या संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. शिवाय टोमॅटो, मोझरेल्ला आणि बेझिल ही सामग्री पिझ्झ्यावर राणीच्या आधीच येत होती. राणीने पिझ्झा खाल्ला असेल, नसेल. त्याने आपले काही बिघडत नाही. बिघडते ते एवढेच, की उन्हात फळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या बायकांच्या जागी एक मुकुट येऊन बसतो.

त्या मानाने पेल्लेग्रीनो आर्तूझी अधिक प्रामाणिक. हा रेशमाचा व्यापारी. निवृत्त झाल्यावर फ्लोरेन्समध्ये राहून त्याने १८९१ साली स्वतःच्या खर्चाने पाकशास्त्राचे पुस्तक छापले, आणि ते पुढे घराघरांत गेले. टोमॅटोच्या सॉसच्या प्रकरणात तो एका पाद्र्याची गोष्ट सांगतो. हे गृहस्थ गावातल्या प्रत्येक घरच्या भानगडीत नाक खुपसत, पण मनाचे चांगले. म्हणून लोक त्यांना ‘टोमॅटोमहाराज’ म्हणत, कारण टोमॅटोही कशातही पडतो आणि गोडच लागतो! नुसता टोमॅटोचा रस वेगळा आणि कांदा, लसूण, सेलरी, बेझिल घालून शिजवून गाळलेला सॉस वेगळा, हा भेद त्याने स्पष्ट केला. टोमॅटो घरी टिकवण्याची रीतही दिली. आर्तूझी ब्रह्मचारी होता. प्रयोग करणारे हात मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली या त्याच्या घरच्या दोघांचे. १९११ साली तो वारला तेव्हा पुस्तकाचे हक्क त्याने या दोघांना ठेवले. पाकशास्त्राच्या इतिहासात असा न्याय विरळा.

आता बाटलीकडे येऊ. फ्रान्समध्ये निकोला अप्पेर याने अन्न काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच मारून, उकळत्या पाण्यात ठेवले तर ते टिकते हे दाखवले. त्याबद्दल त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले आणि १८१० साली त्याचे पुस्तक निघाले. ते का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. ते पुढे पाश्चरने उलगडले. अमेरिकेत १८९२ साली बाटलीवर दाबून बसवायच्या पत्र्याच्या बुचाचे पेटंट निघाले, तेच आपल्या सोड्याच्या बाटलीचे दातेरी बिल्ल्यासारखे बूच. बिअरच्या रिकाम्या बाटल्या, हे बूच आणि ते दाबण्याचे हातयंत्र एवढे हाताशी आल्यावर दक्षिण इटलीतल्या कुटुंबांनी अप्पेरची विद्या अंगणात आणली.

हा सोहळा ऑगस्टच्या मध्याला असतो. शंभर किलो टोमॅटो एका कुटुंबाला फार नव्हेत. पहाटे टोमॅटो धुवायचे, डागी काढून टाकायचे, मोठ्या पातेल्यात एक वाफ आणायची. मग हाताने फिरवायच्या यंत्रातून गर एकीकडे आणि साल-बिया दुसरीकडे. चोथा पुन्हा एकदा यंत्रातून, कारण त्यात अजून गर असतो. बाटलीत आधी बेझिलचे एक पान. हे बेझिल म्हणजे आपला सब्जा ज्या जातीचा त्याच जातीचे झाड. गर भरताना तोंडाशी थोडी जागा मोकळी सोडायची. बुचे मारली की बाटल्या लोखंडी पिंपात आडव्या रचायच्या, आणि थराथरांत गोणपाट किंवा जुन्या चिंध्या, नाहीतर उकळताना एकमेकींवर आपटून फुटतात. पिंपाखाली लाकडाचा जाळ. उकळी फुटून बराच वेळ झाल्यावर जाळ ओढायचा, पण बाटल्या लगेच काढायच्या नाहीत. रात्रभर त्याच पाण्यात निवू द्यायच्या. आजीच्या हुकमाखाली सून, जावई, नातवंडे सारी राबतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालताना शेजारपाजारच्या बायका जमतात; त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो. आंबटपणा कमी पडला तर बंद बाटलीत, हवेवाचून, बॉटुलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे विष जीवघेणे असते. वास किंवा चव यांवरून ते ओळखू येईलच असे नाही. म्हणून आजचे जाणकार बाटलीत लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालावयास सांगतात. पूर्वीच्या आज्या घालत नसत, हे उत्तर पुरेसे नाही.

कारखानाही याच अंगणातून वाढला. फ्रांचेस्को चिरिओने १८५६ साली तूरिनमध्ये वाटाणे डब्यात भरण्यापासून आरंभ केला आणि पुढे दक्षिणेकडे टोमॅटोच्या प्रदेशात कारखाने काढले. सार्नो नदीच्या खोऱ्यात सान मार्त्सानो नावाची लांबट जात पिकते : गर भरपूर, बिया थोड्या, साल चटकन सुटणारी. डब्यासाठीच जणू घडवलेली. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत गेले, त्यांत दक्षिणेकडचे बहुसंख्य, आणि त्यांच्या मागोमाग हे डबे गेले. न्यूयॉर्कमधले पहिले परवानाधारक पिझ्झ्याचे दुकान १९०५ सालचे समजतात.

सॉसच्या दोन वाटा झाल्या त्या साधारण या स्थलांतरात. नेपल्सचा पिझ्झेवाला सॉस शिजवतच नाही. सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घालतो, संपले. त्याची लाकडाची भट्टी साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो. तेवढ्यात कच्चा टोमॅटो नेमका शिजतो आणि त्याचा ताजेपणा राहतो. अमेरिकेत मात्र लसूण, ओरेगानो, क्वचित साखरही घालून आटवलेला सॉस रूढ झाला. कोणी म्हणतात हा भ्रष्टाचार. मला तसे वाटत नाही. घरच्या भट्टीचे तापमान अडीचशेच्या पुढे सहसा जात नाही, पिझ्झ्याला आठ-दहा मिनिटे लागतात, आणि टोमॅटोत शेकडा नव्वदाहून अधिक पाणी. ते आधी आटवले नाही तर रोटी भिजून लगदा होते. वेगळ्या आचेने वेगळा सॉस घडवला, इतकेच.

या स्वस्त डब्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. आज इटलीचा पुष्कळसा टोमॅटो पुल्या प्रांतात फोज्जाच्या मैदानात पिकतो, आणि तेथे राबणारे मजूर बरेचसे आफ्रिकेतून आलेले, मुकादमाच्या हाती सापडलेले. या मुकादमशाहीविरुद्ध इटलीने २०१६ साली कडक कायदा केला. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, टोमॅटोच्या शेतांवरून गाड्यांत भरून परतणारे सोळा मजूर फोज्जाजवळच्या दोन अपघातांत मेले. महिना तोच, ज्यात अंगणात पिंपे उकळत असतात.

असो. अशा व्याख्यानानंतर जिन्यात कोणीतरी गाठतेच आणि विचारते, ‘ते सगळे ठीक, पण आमच्या टोमॅटोचा सॉस होतो का?’ होतो. लांबट, गरदार, देठापर्यंत लाल असे किलोभर टोमॅटो घ्या. देठाविरुद्ध बाजूला चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर आणि लगेच गार पाण्यात टाका. साल हाताने निघेल. बिया व पाणी काढून गर कुस्करा. चिरून ठेवून देऊ नका. चिरल्यावर टोमॅटोतलेच द्रव्य त्याचा दाटपणा मोडते, म्हणून लगेच विस्तवावर ठेवा. दोन चमचे तेलात लसणाची ठेचलेली पाकळी पिवळी होऊ न देता परता, त्यात गर घाला, मीठ घाला, झाकण न ठेवता मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे आटू द्या. चमचा फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसला की झाला. बाटलीबंद करण्याच्या भानगडीत पडू नका. शीतकपाटात तीन-चार दिवस राहतो, आणि फ्रीझरमध्ये ठेवला तर आपल्या पावसाळ्यात, बाजारात टोमॅटो कडाडतात तेव्हा, उपयोगी पडतो.