डब्यातली नाणी

मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवली मागे टाकली म्हणजे काही मैलांवर कसाल लागते. मालवणची वाट येथूनच फुटते. तेथील एका जुन्या घरी मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका स्नेह्यांबरोबर गेलो होतो. स्नेह्यांना नाण्यांचा छंद, आणि घरच्या आजींना पडवीवरील कौले बदलण्यासाठी पैसा हवा होता. पितळी डब्यातील साठएक नाणी त्यांनी सुपात ओतली आणि म्हणाल्या, "हे सगळे म्हाराजांच्या वेळचे आसत."

जुने नाणे घेणारा पुष्कळदा नाण्याचे मोल देत नाही, त्यासोबत मिळणाऱ्या कथेचे देतो. म्हणून कथा क्षणभर बाजूस ठेवून आम्ही सूप पुढे ओढले.

निम्म्याहून अधिक शिवराया होत्या. एका अंगास 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगास 'छत्रपति'. ठसा मोठा व तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सबंध लेख एका नाण्यावर क्वचितच उतरतो. परंतु शिवछत्रपतींच्या नावाची ही मुद्रा त्यांच्यामागे पेशवाईभर, किंबहुना इंग्रजी अंमल बसल्यावरही काही वर्षे पडत राहिली. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' तर उघडच उत्तरकालीन. महाराजांच्या नावाचे नाणे आणि महाराजांच्या वेळचे नाणे यांत दीडशे वर्षांचे अंतर पडू शकते, आणि किमतीतही तसेच. आजींच्या शिवराया बहुतेक दुदांडीच होत्या.

एक होनही होता. स्नेह्यांचे डोळे लकाकले. अस्सल शिवकालीन होन आज अगदी थोडे ज्ञात आहेत. नकला मात्र रग्गड. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरावयास हवा; हा काट्यावर दोनही भरला नाही. भिंगाखाली कडेने ओतकामाची शिवण दिसली. ठोकून पाडलेल्या नाण्यास शिवण कोठून येणार? पितळ ते पितळच. रामदरबाराचे चित्र आणि १८१८ हे साल असलेला कंपनी सरकारचा 'आणा' निघाला, तोही असाच. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. तांदूळ ओढून घेणारे नाणे म्हणून याच जातीचा माल गळ्यात मारून भोळ्या माणसांस लुबाडतात. राणीछाप रुपये खरे होते, ११.६६ ग्रॅमला बरोबर उतरले. फक्त १८६२ या सालाला भुलू नये. ते साल तसेच ठेवून टाकसाळीने पुढे दहाएक वर्षे रुपये पाडले.

सुपाच्या कडेला सातआठ चांदीचे काटे पडले होते. आजींनी ते सोनाराकडे वितळविण्यास द्यावयाचे म्हणून वेगळे काढले होते. मी एक उचलला आणि माझा श्वास अडकला. ती लारी होती. इराणातील लार शहरावरून हे नाव पडले. चांदीची तार मधोमध दुमडावयाची, चेपावयाची आणि तिच्यावर ठसा मारावयाचा, अशी तिची घडण. समुद्रव्यापाराबरोबर ती कोकणकिनाऱ्यावर रुळली आणि विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने (१६५६–१६७२) आपल्या नावानेही पाडली. एका काट्यावर 'अली' एवढी अक्षरे मला लागली. डब्यात खरोखर महाराजांच्या वेळचे काही असेल, तर ते हेच होते.

बाकीची नाणी चिंचेने घासून लखलखीत केलेली (हे कधी करू नये, किंमत निम्म्यावर येते), पण लाऱ्यांच्या दुमडीत तांबडी माती घट्ट बसलेली. मी विचारले, "आजी, ह्या डब्यातल्याच का?" त्या संकोचल्या. गेल्या उन्हाळ्यात परसात पाया खणताना सापडल्या होत्या.

स्नेह्यांनी माझा गुडघा दाबला. चांदीच्या भावाने सौदा होत होता. मी गप्प राहिलो असतो तर झालाही असता. परंतु जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे, आणि जिल्ह्याची कचेरी ओरोसला, कसालला लागूनच. कायद्याहून मला दुसरीच गोष्ट अधिक बोचत होती. नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ साली चांदीची १३,००० हून अधिक नाणी एके ठिकाणी सापडली. सारी क्षत्रप नहपानाची. पण ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानास जिंकले याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही, आणि तो ढीग एकत्र राहिला म्हणूनच तो वाचता आला. दहा सोनारांकडे गेला असता तर नुसती चांदी उरली असती.

मी आजींना सर्व सांगितले. स्नेही परतीच्या वाटेवर कुडाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तत्पूर्वी मात्र शिवराया आणि रुपये त्यांनी रास्त भावाने घेतले, आणि पाया नेमका कोठे, किती खोल खणला होता हे आजी सांगत गेल्या तसे ओटीवर बसून अर्जात त्यांनीच लिहून घेतले. त्यांचे अक्षर माझ्याहून चांगले आहे. कौलांना अजून थोडे पैसे कमी पडतात, असे आजींचे परवा पत्र आले.