‘पान्याला पाइप घाल’
* पान्याला पाइप घाल : गॅरेजमधल्या या सल्ल्यामागे टॉर्कचा हिशेब आहे. टॉर्क म्हणजे लावलेले बल गुणिले नटाच्या केंद्रापासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर. केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर, पान्याच्या टोकाशी, काटकोनात २०० न्यूटन बल लावले तर टॉर्क ५० न्यूटन-मीटर. दांड्याच्या मध्यावर धरले तर २५. टोकालाच धरून दांड्याशी ३० अंशांत तिरके ओढले, तरीही २५च! हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो. दांड्याच्याच रेषेत खेचल्यास शून्य. पाइपाने अंतर ५० सेंटिमीटर केले, की १०० न्यूटनांत तेच काम होते. मात्र पाइप लावूनही पूर्वीइतकाच जोर दिला, तर बोल्ट तुटूही शकतो. गंजलेल्या नटाला आधी तेल द्यावे. — संपादक