बोर्मिओचे बारा जण

एकोणीस वर्षांखालील मुलांची बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा १९७९ साली ब्राझीलमधील साल्व्हादोर येथे सुरू झाली. संघ राष्ट्रीय, पण खेळाडू कॉलेजच्या उंबरठ्यावरचे. पहिल्या दोन्ही वेळा अमेरिका जिंकली. तिसरी स्पर्धा १९८७ च्या उन्हाळ्यात इटलीतील बोर्मिओ या गावी झाली आणि विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे ‘युगोस्लाव्हिया’ असे नाव लागले. आज नकाशात हा देश शोधून सापडत नाही.

आम्हा इंदूरकरांना याचे फार नवल वाटू नये. आधी होळकरांचे संस्थान, मग मध्य भारत, मग १९५६ पासून मध्य प्रदेश. आपल्या आजोबांनी घर न हलवता तीन राज्ये पाहिली. फरक इतकाच, की आपल्याकडे हे कागदावर झाले आणि तिकडे तोफांनी. म्हणूनच या मुलांची हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

बोर्मिओ हे आल्प्सच्या कुशीतले छोटे गाव, एरवी बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध. त्या जुलैत तिथल्या खोऱ्यात पावसाने हाहाकार केला होता. २८ तारखेला गावाच्या दक्षिणेला वाल पोला येथे डोंगराचा कडाच कोसळला, माणसे गेली, रस्ता गाडला गेला. अशा दिवसांत ही स्पर्धा झाली.

युगोस्लाव्हियाच्या संघात बारा मुले होती. सहा प्रजासत्ताकांचा मिळून तो देश. व्लादे दिवात्स आणि अलेक्सांदर जॉर्जेविच सर्बियाचे, तोनी कुकोच आणि दिनो राजा क्रोएशियातील स्प्लिट या बंदराचे (आडनाव खरोखर ‘राजा’ असेच ऐकू येते), लुका पावितचेविच माँटेनेग्रोचा, तेओमान अलिबेगोविच बोस्नियाचा. प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच. ‘बंधुत्व आणि एकता’ ही तिथली सरकारी घोषणा. अशा घोषणांचे भिंतीवर रंगवल्यानंतर काय होते ते आपणही जाणतो. पण सराव शिबिरात एकत्र घाम गाळणाऱ्या या मुलांपुरती तरी ती खरी होती, असे त्यांचा खेळ पाहता म्हणावे लागते.

समोर अमेरिकेचा संघ तगडा होता. लॅरी जॉन्सन, गॅरी पेटन, स्टेसी ऑगमन हे पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेले खेळाडू त्यात होते आणि प्रशिक्षक होते लॅरी ब्राउन. गटातल्या सामन्यात दोन्ही संघांची गाठ पडली.

इथे तीन गुणांच्या रेषेविषयी थोडे सांगायला हवे. बास्केटपासून ठरावीक अंतरावर आखलेल्या कमानीबाहेरून चेंडू टाकला तर दोनऐवजी तीन गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय खेळात ही रेषा १९८४ साली आली होती, अमेरिकी कॉलेजांत तर नुकतीच, १९८६-८७ च्या हंगामात. उंच खेळाडूने बास्केटखाली उभे राहायचे आणि लांबून नेम धरायचा तो बुटक्याने, हा तोवरचा सर्वमान्य हिशेब. कुकोच जवळजवळ सात फूट उंच, आणि लहानपणी टेबल टेनिस खेळून हात हलका झालेला. त्या दिवशी त्याने कमानीबाहेरून बारा वेळा चेंडू टाकला आणि अकरा वेळा तो जाळीतून खाली आला. एकट्याचे ३७ गुण. युगोस्लाव्हिया ११०, अमेरिका ९५.

बोर्मिओ म्हटले की सगळे याच सामन्याबद्दल बोलतात. आमच्या मते मोल अधिक आहे ते अंतिम सामन्याचे. एखाद्या दिवशी एखाद्याचा हात लागतो, त्यात दैवाचाही वाटा असतो. अंतिम सामन्यात मात्र कुकोच काय करू शकतो हे अमेरिकेला पुरते ठाऊक होते. तरीही ती ८६-७६ अशी हरली. एकाला रोखून भागणार नव्हते, कारण आत दिवात्स आणि राजा उभे होते आणि चेंडू जॉर्जेविचच्या हातात होता.

पुढची तीन-चार वर्षे या पिढीने युरोप गाजवला. कुकोच आणि राजा यांच्या स्प्लिटच्या क्लबने युरोपचे विजेतेपद पटकावले, दिवात्स १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. जून १९९१ मध्ये रोम येथे युरोपीय स्पर्धेत हे चौघे पुन्हा एका संघात होते. स्पर्धा चालू असतानाच २५ जूनला स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्या संघातला स्लोव्हेनियाचा युरे झ्दोव्त्स आपल्या सरकारच्या सांगण्यावरून स्पर्धा अर्धी टाकून निघून गेला. उरलेल्यांनी २९ जूनला सुवर्णपदक जिंकले. तोवर स्लोव्हेनियात गोळीबार सुरू झाला होता. त्या देशाचा एकत्र संघ तो शेवटचा.

१९९२ मध्ये कुकोच आणि राजा क्रोएशियाकडून बार्सिलोना ऑलिंपिकला गेले आणि रौप्यपदक घेऊन आले. दिवात्स आणि जॉर्जेविच घरी राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंधांमुळे बेलग्रेडच्या संघाला प्रवेशच नव्हता. प्रशिक्षक पेशिच जर्मनीत गेले आणि १९९३ साली त्यांनी चक्क जर्मनीला युरोपचे विजेते केले. अलिबेगोविच त्यांच्याच हाताखाली बर्लिनच्या क्लबकडून खेळला आणि राष्ट्रीय संघ म्हणाल तर स्लोव्हेनियाचा झाला. बोर्मिओच्या मुलांची अशी चार दिशांना पांगापांग झाली.

चौघे पुन्हा एका छताखाली आले ते १९९५ मध्ये, अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत. सर्बिया आणि माँटेनेग्रो यांनी युगोस्लाव्हिया हे नाव राखले होते. निर्बंध सैल झाल्यावर त्यांचा हा पहिलाच मोठा डाव. अंतिम सामन्यात लिथुएनियाविरुद्ध जॉर्जेविचने ४१ गुण केले, त्यांतले बरेचसे कमानीबाहेरून. पंचांच्या निर्णयावर चिडून लिथुएनियाचे खेळाडू मैदान सोडू लागले, तेव्हा त्यांची समजूत घालणाऱ्यांतही तो होता. क्रोएशिया तिसरा आला.

पदके गळ्यात पडली. सर्वांत वरच्या पायरीवर दिवात्स आणि जॉर्जेविच, तिसऱ्या पायरीवर कुकोच आणि राजा. विजेत्यांचे राष्ट्रगीत वाजायची वेळ झाली तसे क्रोएशियाचे खेळाडू पायरीवरून उतरले आणि रांगेने बाहेर निघून गेले. बेलग्रेडने नावासोबत जुने गीतही राखले होते. १९८७ मध्ये बोर्मिओला गेलेल्या बाराही जणांच्या देशाचे राष्ट्रगीत तेच होते. त्या रात्री चौघांपैकी एकानेही तिशी गाठलेली नव्हती.